उजवी पाकळी

आमच्या घरातला देव म्हणजे एक दगड होता, आणि ही गोष्ट मी शाळेत कुणाला कधी कळू दिली नाही. मैत्रिणींच्या घरी गुरूंच्या मोठ्या तसबिरी असत, संगमरवरी राधाकृष्ण असत, लाल गोटेवाली चुनरी घेतलेली माता असे. आमच्याकडे स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर ठोकलेल्या फळीवर, वीतभर उंचीचा काळा गुळगुळीत दगड. आईच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो देवळामागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, उचलला होता, एक अख्खा दिवस गावच्या रवळनाथाच्या पायाशी ठेवला होता, आणि लग्न होऊन आई चंदीगडला निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत घालून दिला होता. दगडाला नाक नाही, डोळे नाहीत. आई ज्या बाजूला कुंकवाचा टिळा लावायची ती पुढची बाजू, एवढंच. शेजारच्या वीणा आंटी एकदा साखर मागायला आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "ये शिवजी हैं न?" मी झटकन म्हटलं, "हां जी, शिवजी." आई तांदूळ धूत होती. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पाणी बदललं.

बाबा सेक्टर ३९मधल्या सरकारी संशोधन संस्थेत यंत्रं दुरुस्त करायचे. गुरव हे आडनाव तिथं कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून ते आयुष्यभर 'गौरवजी' राहिले. मोठमोठे शास्त्रज्ञ, पण यंत्र बंद पडलं की 'गौरवजी, देख लो ज़रा' करत बाबांच्या मागे. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, मागं चटईएवढं अंगण, त्यात कढीपत्ता, झेंडू आणि आईनं जिद्दीनं लावलेली, दर थंडीत मरणारी एक अळूची कुंडी. सकाळी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लांबून ऐकू यायचं, मग दूधवाल्याच्या कॅनचा आवाज, मग बाबांचा रेडिओ. थंडीत दुपारी सगळ्या बायका बाजा टाकून उन्हात मटार सोलत बसायच्या. आईही बसायची. तिला पंजाबी कळायची नाही आणि हिंदी यायची ती मालवणीच्या अंगानं, पण मटार ती सगळ्यांपेक्षा जास्त सोलायची, त्यामुळे तिला मान होता.

मला मात्र आईची लाज वाटायची. हे लिहायला इतकी वर्षं लागली, पण आता लिहूनच टाकते. तिच्या हिंदीची वाटायची, नऊवार नव्हे पण तशीच आखूड नेसलेल्या पाचवारीची वाटायची, आणि सगळ्यात जास्त वाटायची सुक्या मासळीच्या वासाची. वर्षातून एकदा गावाहून डालड्याच्या डब्यात सुकट यायची. डब्याचं तोंड मेणानं बंद केलेलं असायचं, तरी पोस्टमन तो हात लांब धरून द्यायचा. ती भाजायची म्हणजे आई आधी खिडक्या लावून घ्यायची, बाबा दाराच्या फटीला गोणपाट लावायचे, आणि तरीही पाच मिनिटांत जिन्यातून कुणीतरी विचारायचं, "कुछ जल रहा है क्या?" मी खोलीत बसून पुस्तक तोंडासमोर धरायचे. मग जेवायला बसलं की तीच सुकटीची चटणी भाकरीवर घेऊन बोटं चाटत खायचे. अशी मी. घरात आई-बाबा मालवणीत बोलायचे आणि मी त्यांना हिंदीत उत्तर द्यायचे.

आता कौल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आजोबा गावच्या देवळाचे गुरव. आमच्याकडे कुणाचं लग्न ठरायचं असो, विहीर खणायची असो, मुंबईला जायचं असो, देवाला विचारल्याशिवाय होत नसे. आंघोळ करून आलेला गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवाच्या अंगावर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा चिकटवतो. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. प्रश्न एकदाच विचारायचा. उत्तर आवडलं नाही म्हणून दुसऱ्यांदा लावायचा नाही, आणि मिळालं त्यावर कुरकुरायचं नाही. बायका कौल लावत नाहीत. पण आजोबांना मुलगा नव्हता, आईनं लहानपणापासून सगळं बघितलं होतं, आणि चंदीगडात दुसरा गुरव कुठून आणणार? बाबा आडनावाचे गुरव, पण त्यांना स्क्रू ड्रायव्हरपलीकडे काही येत नव्हतं. "हय कोण बगताहा," असं म्हणून आईच लावायची. बाजारहाटाच्या गोष्टी ती देवाला विचारायची नाही. माझ्या आठवणीत तिनं तीन-चारदाच लावला असेल. एकदा आईनं वीणा आंटींना सांगितलं की आज कौल लावणार आहे, तर त्या तासाभरानं स्टीलची नवीकोरी वाटी घेऊन हजर. पंजाबीत वाटीला कौली म्हणतात. "लो जी, कौली लगा लो," म्हणाल्या. आईनं ती ठेवून घेतली, आणि त्यानंतर पाकळ्या भिजवायच्या त्या कौलीतच. माझा मुलगा लहान असताना यावर वरताण करायचा. "मम्मी, नानी भगवान को कॉल लगा रही है," म्हणायचा. आम्ही सगळे हसायचो. मी जरा कमी हसायचे.

मी बारावीत होते त्या थंडीत बाबांच्या हातात एक पत्र आलं. त्यांच्या संस्थेसारख्याच गोव्यातल्या एका संस्थेला यंत्रं बघणारा माणूस हवा होता. बाबा हो म्हणाले तर महिन्याभरात बदली. गोव्याहून आईचं गाव म्हणजे दोन तासांची एसटी. ते पत्र बाबांनी जेवताना वाचलं आणि आईच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. आजोबांची दृष्टी त्या वर्षी फार कमी झाली होती. देवळात ते चाचपडत जायचे, पत्रंसुद्धा शाळामास्तरांकडून लिहून घ्यायचे. दर पत्रात 'येथे सर्व क्षेम' असायचं आणि मास्तर शेवटी आपल्या मनानं एक ओळ घालायचे, की अण्णांना आता सोबत लागते. आईला भाऊ नाही, बहीण नाही. चंदीगडला आली तेव्हा बाबांनी तिला तीन वर्षांत परत नेतो असं सांगितलं होतं, त्याला आता अठरा होत आली होती. त्या दिवशी संध्याकाळी तिनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि नुसतीच पुसून ठेवली. काही भरलं नाही. पुसताना ती गुणगुणत होती, आणि आई गुणगुणते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी डॉक्टर होणार हे मी सगळ्या सेक्टरला सांगून ठेवलं होतं. बारावी इथूनच केली तर इथल्या कोट्यातून मेडिकलला नंबर लागण्याची आशा होती. मध्येच गेलं की सगळं पाण्यात. हे कारण खरं होतं आणि तेच मी बाबांपुढं मांडलं. पण खोटं कशाला बोलू, आत दुसरंच होतं. मला तिकडं जायचं नव्हतं. ज्या सगळ्याला मी खिडक्या लावून लपवत आले होते त्याच्या मधोमध जाऊन राहायचं, मासळीच्या बाजारात, मालवणी बोलणाऱ्या पोरींत, माझ्या मोडक्या मराठीसकट. बाबा दोन्हीकडून अडकले. "मी इथंच क्वार्टरमध्ये फॅमिलीच्या कोट्यात राहते, तुम्ही जा," असंसुद्धा मी बोलून गेले. तसा कोटा नसतो हे मलाही माहीत होतं. चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी रविवारी आई म्हणाली, "कित्याक भांडतास? देवाक इचारूया. तो सांगात ता करूया."

त्या रविवारी आईनं घावणे करायचे ठरवले होते, नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे. म्हणजे तिला उत्तराची खात्रीच होती. इतक्या वर्षांनी देव नको कशाला म्हणेल? ओट्यावर गूळ किसून ठेवलेला, बाजूला खोवलेला नारळ. "मी न्हावन येतंय, तू देव पुसून ठेव," असं मला सांगून ती आंघोळीला गेली. बाबा अंगणात झेंडू तोडत होते. मी फळीवरून दगड उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि माझं लक्ष गुळाकडे गेलं. विचार केला असं म्हणवत नाही. हातच गेला. चिमूटभर गूळ बोटानं ओला करून कालवला आणि दगडाच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या जागी, चोळला. काळ्या दगडावर तो दिसेना. मग एकदम शंका आली, की उजवी बाजू कुणाची, माझी की देवाची? आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं ते आठवलं. देवाचा उजवा तो उजवा, आपला नाय. मी टिळ्याची बाजू माझ्याकडे फिरवली, देवाच्या जागी स्वतःला उभं केलं, हात वर करून बघितला, खात्री करून घेतली आणि दगड परत फळीवर ठेवला. इतकी अक्कल मी अभ्यासात लावली असती तर बरं झालं असतं.

आई ओल्या केसांनी आली. कौलीतल्या पाकळ्यांमधून तिनं दोन सारख्या निवडल्या आणि लावल्या. मग डोळे मिटून तिनं गाऱ्हाणं घातलं, आजोबांच्या सुरात, त्या दोन खोल्यांत मावणार नाही एवढ्या मोठ्यानं. "बा देवा म्हाराजा." प्रत्येक वाक्यामागे घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. "हीं तुझी लेकरां परक्या मुलखात ऱ्हवतत म्हाराजा." बाबा म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही म्हटलं. "आता माघारी बोलावतंस तर उजवो दी, हयच ठेवतंस तर डावो दी. तू देशीत ता आमी मानून घेव म्हाराजा." व्हय म्हाराजा. माझं बोट चिकट होतं. मी ते ओढणीत धरून उभी होते आणि व्हय म्हाराजा म्हणत होते.

पाकळ्या किती वेळ राहिल्या सांगता येत नाही. बाबांनी रेडिओ बंद केला होता. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी झाली. मग डावी पाकळी घसरली, फळीच्या कडेवर थांबली आणि खाली पिठाच्या डब्याच्या झाकणावर पडली. आईनं डोळे उघडले. ती पाकळीकडे बघत राहिली, मग दगडाकडे. मला वाटलं ती रडेल, आणि ती रडली असती तर कदाचित मी त्याच क्षणी सांगितलं असतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला पटवत आले. पण ती रडली नाही. "बरा," म्हणाली. "त्येच्या मनात नाय." मग तिनं पदर खोचला आणि घावणे करायला घेतले. घावणे नेहमीसारखे जाळीदार झाले होते, रसाला वेलदोड्याचा वास होता. मी सात खाल्ले. जेवण झाल्यावर बाबांनी ट्रंक माळ्यावर चढवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नकाराचं पत्र खिशात घालून ऑफिसला गेले.

त्या दिवसापासून आईनं मला देव पुसायला सांगितलं नाही. माझं बारावीचं वर्ष, अभ्यासाचा वेळ जायला नको म्हणून तीच उठून पुसते, असं मी धरून चाललो होते. चाललो काय, चालले होते. घाई झाली की माझी मराठी अजून अशी घसरते. परीक्षा झाली तरी तीच पुसायची, हे मी लक्षात घेतलं नाही. महिन्याभरानं आजोबांचं कार्ड आलं. टपाल मीच आणायची आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण मास्तरांची पुस्तकी मराठी वाचायला मला गंमत वाटायची. 'चि. सौ. नलिनी हीस अण्णांचे अनेक आशीर्वाद. मुंग्यांबद्दल लिहिलेस ते कळले. मुंग्या आपण होऊन जातात. त्यांस काही करू नये, कोणांस बोलूही नये. वैजूचा अभ्यास कसा चालला आहे?' मला हसू आवरेना. आंधळा म्हातारा चंदीगडच्या मुंग्यांची काळजी करतोय, म्हातारचळ दुसरं काय. मी बाबांना नक्कल करून दाखवली. बाबाही हसले. आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि दगडाच्या मागे उभं करून ठेवलं.

आजोबा त्याच श्रावणात गेले. देवळाच्या पायरीवरून पडले, आणि सोबतीला कुणी नव्हतं म्हणून कुणाला कळलं ते बऱ्याच उशिरानं, असं मागाहून समजलं. फोन वीणा आंटींच्या घरी आला. आई तशीच निघाली, दिल्ली, मुंबई आणि पुढं एसटी, आणि पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मेडिकलची यादी लागली. माझं नाव नव्हतं. बाबांनी यादी दोनदा वर-खाली वाचली, मी एकदाच. घरी येऊन मी अंथरुणावर पालथी पडले ते दोन दिवस उठले नाही. आई गावाहून तेव्हाच परतली होती, तिच्या साडीला अजून तिथल्या धुराचा वास होता. ती माझ्या उशाशी बसली, माझ्या केसांत तेल घालत राहिली आणि म्हणाली, "रडू नको गो. आपण ठरवतंव एक, तो ठरयता एक. त्येना आपणाक हय ठेवल्यान, ता काय उगीच नाय. काय तरी आसतला त्येच्या मनात." मी जास्तच रडायला लागले. तिला वाटलं मार्कांसाठी रडते. निदान मला तरी तेव्हा असंच वाटलं, की तिला तसं वाटतंय. बाप गेलेली बाई माझी समजूत काढत होती, आणि तीही माझ्याच बोटानं लावलेल्या गुळाच्या आधारानं. त्या दोन दिवसांइतकी लाज मला पुढं कधी वाटली नाही, आणि तरीही मी बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू. आई जरा सावरू दे, बाबांचं ब्लडप्रेशर उतरू दे. मग माझं लग्न झालं, मग मुलगा, मग बाबा गेले. न सांगायला नेहमी काहीतरी चांगलं कारण मिळतंच.

मी पुढं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि बरं शिकवलं. आता आम्ही मुल्लानपूरला राहतो, चहूकडे इमारती उठतायत, हे लिहितानासुद्धा खाली काँक्रीटचा मिक्सर घरघरतोय. आई माझ्याकडेच असते. दगड पिठाच्या डब्याच्या वरच आहे, फक्त डबा आता प्लास्टिकचा. गेल्या वर्षी मी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि सगळं ठरवलं. आईला गावी घेऊन जायचं, कायमचं. तिच्या घराची डागडुजी करून घेतली, संडास बांधून घेतला, विमानाची तिकिटं काढली. नवरा म्हणाला, तू तर यज्ञ मांडल्यासारखी मागे लागलीस. त्याला काय माहीत. मी मनाशी धरलं होतं की आईला तिच्या दारात उभी करीन, आणि मग सांगीन. आईनं सुरंगीची झाडं राहिली आहेत का तेवढं विचारलं आणि स्वतःच्या हातानं एक पिशवी भरली. निघायला आठ दिवस होते आणि ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड. मोठ्या इस्पितळात एक बीडचा तरुण डॉक्टर होता, मराठी ऐकून त्यानं आईचा हात हातात घेतला. मला बाहेर नेऊन म्हणाला, "मॅडम, हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. आजींना आता पलंगावरच सांभाळायचं. प्रवासाचं डोक्यातून काढून टाका."

तिला घरी आणलं त्या आठवड्यातली दुपार. खिडकीतून तिच्या पायांवर ऊन आलं होतं. मी तिकिटं रद्द करून फोन ठेवला आणि माझा तोल गेला. देवाला नाही नाही ते बोलले. म्हटलं, एवढी वर्षं त्या दगडासमोर हात जोडतेस, त्यानं तुला दिलं काय? एकदा जायचं होतं तेव्हा जाऊ दिलं नाही, आता जाऊ देत नाही. अजून भरवसा आहे तुझा त्याच्यावर? आई म्हणाली, "आसा." इतकंच. ती पिशवीत भरलेली साडी अंगावर घेऊन पडली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, हिंदीतही नाही, माझ्या शाळेतल्या मराठीतही नाही, जी भाषा मी तिच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते त्या भाषेत. "आये, ती पाकळी मिया चिकटवलेलंय. गूळ लावन."

आई खिडकीकडेच बघत होती. "म्हायत आसा," म्हणाली.

तेव्हा, कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देव पुसायला घेतला तर उजव्या खांद्यावर मुंग्या होत्या. पाकळीखालून रांग लागली होती. तिनं नखानं पाकळी खरवडली, बोट जिभेला लावलं आणि तिला कळलं. बाबा तेव्हा दारात चपला घालत होते, पत्र खिशात. एक हाक मारली असती तर. "मारली कित्या नाय?" मी विचारलं. आई म्हणाली, "त्येका कळला असता तर त्येना तुझ्या तोंडाकडे परत बगल्यान नसता. माका तुझो राग इलो नाय असा समजा नको. आठ दीस तुका जेवक वाढलंय ता तोंड फिरवन. पण देवाक मुंग्यो चढल्यो तरी तो गप रवलो. पाकळी पाडूची असती तर त्येका काय चिमूटभर गूळ आड येतलो होतो? तो गप रवलो, मगे मी कोण बोलणारी?" मग म्हणाली, "अण्णांक तेवडा लिवलंय. दुसऱ्याकडसून वाचून घेयत, म्हणान उघडा लिवक येय ना. नुसता लिवलंय, हय देवाक मुंग्यो लागल्यो. ते गुरव. त्येंका समाजला."

मुंग्या आपण होऊन जातात. कोणांस बोलू नये. ते कार्ड मी मोठ्यानं वाचलं होतं, नक्कल करून दाखवली होती. त्या आंधळ्या माणसाला ठाऊक होतं की लेक का आली नाही, आणि त्यानं मास्तरांकडून माझा अभ्यास कसा चालला आहे असं लिहवलं होतं. मी पलंगाच्या लोखंडावर डोकं टेकून बसून राहिले. एवढी वर्षं तू वाट बघत होतीस का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "अण्णांच्या कार्डाचो अर्थ तोच, ती सांगात तेवा सांगात. ते थांबले, मगे मी थांबलंय." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. माफी मागायला मी तोंड उघडलं तर तिनं हात हलवला. उन्हाची जागा बदलली होती, मला पडदा ओढायला सांगितला, चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन झाल्यावर कप परत देताना म्हणाली, "फाल्यापासून देव तू पुस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून स्वयंपाकघरात गेले. फळीपाशी हात नेला आणि मागे घेतला. सिंकवर जाऊन साबण लावून हात धुतले, मग नखं धुतली, मग पुन्हा हात. माझं वय बघता हसू यावं, पण बोट चिकटच वाटत होतं. नळ चालूच होता. आतल्या खोलीतून आईची हाक आली.

"पुरे गो आता. देव खोळंबलोहा."